झोपेतला हात

डोळा सुजलेला असताना हळदीकुंकवाला जाऊ नये, एवढी अक्कल मला होती. पण जबलपुरातल्या आमच्या ओळखीच्या मराठी बायका मोजून पंचवीस-तीस. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यातली एक आली नाही, तर उरलेल्या दुसऱ्या दिवशी विचारपूस करायला घरी हजर होणार. त्यांनी घरी येऊन माझा डोळा पाहावा, समोर बसलेल्या ह्यांना पाहावं आणि मनातल्या मनात बेरीज करावी, त्यापेक्षा आपणच गेलेलं बरं, असा विचार मी केला. गणिताची मास्तरीण होते मी. निवृत्त झाले तरी लोकांची बेरीज कुठे चुकेल आणि कुठे जमेल, हे आधी पाहायची सवय जात नाही.

बेरीज जमलीच. कुंकू लावणाऱ्या यजमानीणबाईंचं बोट माझ्या कपाळापाशी येऊन थांबलं. भुवईपासून गालापर्यंत जांभळं झालं होतं, पावडरीनं ते करडं दिसत होतं एवढंच.

"काय झालं हो?"

"कपाटाचं दार लागलं. अंधारात उठले आणि आपटले."

तिळगूळ वाटणं चालू राहिलं. निघताना चपला घालत होते, तेव्हा त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाई माझ्या कानाशी आल्या. त्यांची जीभ आमच्यात प्रसिद्धच आहे, पण त्या वेळी त्या हळू बोलल्या. "पोरी, दाराच्या बोटात अंगठी होती काय?"

भुवईवर एक बारीक आडवा काप होता. त्यावर पावडर बसत नव्हती. मी "कडी लागली" म्हणाले आणि रिक्षात बसले.

दार नव्हतंच. हात ह्यांचा होता. हे म्हणजे माझा नवरा. खमरियाच्या कारखान्यात तेहतीस वर्षं नोकरी केली, दारूगोळा भरतात त्या बाजूच्या एका शेडचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. आता क्वार्टर सोडून शहरात स्वतःच्या घरात राहतो. माणूस असा, की अंगणात मुंग्यांची रांग दिसली तर वळसा घालून जाणारा. घरात आवाज चढायचा तो माझा. मुलगी लहानपणी म्हणायची, बाबा रागावले हे आईनं सांगितल्याशिवाय कळतच नाही.

तर अशा माणसाची मूठ चार दिवसांपूर्वी पहाटे माझ्या डोळ्यावर बसली होती. ते तेव्हा झोपेत होते.

हे एकदम झालं नाही. निवृत्तीनंतर सहा-आठ महिन्यांत हे झोपेत बोलायला लागले. आधी नुसतं पुटपुटणं, मग ओरडणं. मग पाय झाडू लागले. एकदा उशाजवळचा दिवा उडवला, त्याची काच सकाळी मी अंथरुणातून वेचली. नेहमी पहाटे चारच्या पुढेच. हाक मारली की लगेच जागे व्हायचे, चांगले शुद्धीवर, आणि पहिलं विचारायचे, "लागलं का गं?" पहिल्या काही वेळा मी हसले. ओळखीत गंमत म्हणून सांगितलंसुद्धा, की आमच्याकडे पहाटे कुस्ती असते.

मग ढकलणं सुरू झालं. दोन्ही हात माझ्या खांद्याला लावून हे मला जोर करून पलंगाच्या कडेकडे लोटत. एकदा मी खरंच पडले, कोपर फरशीवर आपटलं. आणि लोटताना तोंडानं समजेल असा एकच शब्द, दात आवळून, घशातून: "खाली! खाली!"

लाथेपेक्षा तो शब्द मला लागला. लाथ कुणालाही बसते, झोपेत पाय कुठेही जातो. पण शब्द? माझी आई म्हणायची, झोपलेला माणूस आणि रडणारं पोर खोटं बोलत नाही. मला ते पटायचं. खाली हो. तू वर बसली आहेस, खाली हो. दिवसा जे ह्या माणसाच्या तोंडून इतक्या वर्षांत निघालं नाही, ते रात्री निघून राहिलं आहे, असं मी धरून चालले.

आणि कारण शोधायला मला लांब जावं लागलं नाही. मी नागपूरची. लग्न होऊन इथे आले तेव्हा सासरची मराठी ऐकून कपाळावर हात मारला होता. 'सब्जी आणली', 'दरवाजा बंद कर', 'चलो जेवायला'. मी आल्या आल्या नियम केला, उंबरठ्याच्या बाहेर हिंदी, आत मराठी. सासूबाईंनासुद्धा दुरुस्त करायची. हे निमूट शिकले. पुढे ह्यांना बढतीवर पुण्याकडे बदली मिळत होती. माझी इथली शाळा पक्की होती, मुलगी दहावीला होती. मी नाही म्हणाले. ह्यांनी एकदाही वाद घातला नाही, नकार लिहून दिला. त्यांच्यामागून लागलेले लोक वर गेले, हे तिथेच राहिले. ते काय विसरले असतील? मी विसरले नव्हते, मग ते कसे विसरतील?

ह्यांना मी तो शब्द सांगितला नाही. "तुम्ही ढकलता" एवढं सांगितलं, "काय म्हणता" ते नाही. ते मान्य करतील अशी भीती होती, खरं तेच. पण मनात राहिलं ते बाहेर आलंच. दिवसा मी उट्टं काढू लागले. चहा मागितला तर "हात आहेत ना, चांगले चालतात" म्हणायची. दूध उतू गेलं, जळलं, हे तिथेच पेपर वाचत बसलेले, तर "नाक गहाण ठेवलंय का?" म्हणून ओरडायची. ते नुसते पाहायचे. हळूहळू त्यांचं बोलणं कमी होत गेलं, आणि तेही मी त्यांच्याच खात्यावर मांडलं.

हळदीकुंकवानंतर तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मुलगी भोपाळहून न सांगता आली. त्या म्हाताऱ्या बाईंची सून तिची शाळेतली मैत्रीण. मी दार उघडलं. तिनं माझ्या डोळ्याकडे पाहिलं, बॅग खाली ठेवली आणि मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"आई, सच बोल. बाबांनी मारलं?"

"हो," मी म्हणाले.

'झोपेत' हा शब्द माझ्या जिभेवर होता. मी तो गिळला. विसरले नाही, गडबडीत राहिला नाही, समजून उमजून गिळला. वर्षभर एकटी हे घेऊन बसले होते, आणि आता कुणीतरी माझ्या बाजूनं उभं होतं, डोळ्यांत पाणी आणून. तो एक शब्द उच्चारला असता तर तिनं सुस्कारा टाकला असता, "हाय राम, इतकंच ना" म्हणाली असती. मला इतकंच नको होतं. हे लिहायला मला लाज वाटते, पण तसंच होतं.

हे अंगणात उन्हाला बसले होते. मुलगी तिथे गेली, मी दारामागे उभी राहिले. तिला राग आला की तिची मराठी संपते.

"बाबा, आपने मम्मी पर हाथ उठाया?"

ह्यांनी पेपरची घडी घातली. मी वाट पाहत होते. आता म्हणतील, अगं झोपेत झालं. म्हणतील आणि माझी लबाडी उघडी पडेल.

"हो बेटा," ते म्हणाले. "माझ्या हातून झालं."

बस. पुढे काही नाही. मुलगी आत आली आणि माझी सूटकेस माळ्यावरून काढू लागली. रविवारी संध्याकाळच्या गाडीनं आम्ही दोघी भोपाळला जायचं ठरलं. किती दिवसांसाठी ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

मी हादरले होते. लबाडी मी केली आणि पकडली गेले नाही, याचं हायसं वाटायला हवं होतं. पण ज्या माणसानं झोपेत हात चालवला तो 'झोपेत' म्हणतसुद्धा नाही, याचा अर्थ काय? म्हणजे मी वर्षभर जे मनात धरलं ते खरंच होतं. त्यांनाही ते माहीत होतं. दिवसभर मी साड्या घडी करत होते आणि एकेका घडीला तोच विचार.

रात्री मुलगी माझ्याजवळ झोपणार होती, हे हॉलमधल्या दिवाणावर. जेवणं झाल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "हे काचेचं टेबल तिकडे सरकवून राहिलो, जरा हात लाव." मी लावला. का, ते विचारलं नाही. आम्ही दोघांनी टेबल उचलून भिंतीकडे नेलं. इतक्या दिवसांत आम्ही मिळून केलेलं तेवढंच काम.

पहाटे धप्पकन आवाज झाला आणि मागोमाग ओरडणं. मुलगी माझ्याआधी उठली. मी पोचले तेव्हा ती हॉलच्या दारात मोबाईलचा दिवा लावून उभी होती.

हे अर्धे दिवाणावर, अर्धे खाली. डावं मनगट पंच्यानं दिवाणाच्या पायाला बांधलेलं, खांदा विचित्र पिळवटलेला. उजवी मूठ भिंतीवर आपटत होती, पुन्हा पुन्हा, बोटांची सालटी निघालेली. डोळे गच्च मिटलेले. आणि तोंडानं तेच.

मुलीला त्या वेळी काय सुचलं कोण जाणे, तिनं मोबाईल त्यांच्या तोंडाजवळ धरून सगळं टिपलं. मग "बाबा!" म्हणून ओरडली. ते जागे झाले. आमच्याकडे पाहिलं, एकीकडे, मग दुसरीकडे.

"कुणाला लागलं?"

"ये किसने बांधा?" ती पंच्याची गाठ सोडत होती, गाठ सुटत नव्हती.

"मीच. तू घरात आहेस म्हणून."

तिनं गाठ सोडली, त्यांना दिवाणावर बसवलं, पाणी दिलं. मग माझ्याकडे वळली. शाळेत कॉपी करताना पकडलेली पोरं माझ्यासमोर उभी असायची, तशी मी उभी होते.

"आई, हे तर झोपेत आहेत. त्या दिवशीही झोपेतच होते?"

मी मान हलवली.

"मग बोलली काहून नाहीस?"

ह्यांनी मान वर केली नाही. बाहेर दूधवाल्याची सायकल येईपर्यंत आम्ही तिघं तसेच बसून होतो. संध्याकाळची गाडी आमच्याशिवाय गेली.

सोमवारी आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. मध्यम वयाचे, शांत गृहस्थ, अस्सल इकडचे. त्यांनी ह्यांना आधी चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, कागदावर एक ओळ लिहून घेतली. वास येतो का, पोट साफ होतं का, मन शांत ठेवायच्या कसल्या गोळ्या चालू आहेत का, असं विचारत गेले. वासाचं ह्यांना सांगताच येईना. मग मला ते जळलेलं दूध आठवलं. ते सांगताना माझा आवाज बारीक झाला. डॉक्टरांनी मान हलवून लिहून घेतलं.

मग ते मला म्हणाले, "आप बताइए, रात को होता क्या है?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. वर्षभर जे कुणाला सांगितलं नाही ते मी सांगितलं. माझं हिंदी चांगलं आहे, आयुष्य गेलं त्या भाषेत गणित शिकवण्यात. मी म्हणाले, "मुझे धक्का देते हैं, और कहते हैं, नीचे! नीचे!"

हे एकदम माझ्याकडे वळले. "नीचे? मी म्हणतो असं?"

"तुमचे शब्द आहेत," मी म्हणाले. "मला पाठ आहेत."

मुलीनं मोबाईल पुढे केला. त्या छोट्या खोलीत ह्यांचा तो आवाज पुन्हा घुमला. डॉक्टरांनी ते दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा फोन कानाशी धरून.

"नीचे कहाँ बोल रहे हैं?" ते म्हणाले. "ये तो बोल रहे हैं, खाली करो। सुनिए। 'खाली करो भैया, सब खाली करो।'"

"हाँ, वही। खाली माने नीचे, मराठी में..." मी म्हणाले आणि तिथेच थांबले.

लग्नानंतरचा पहिला आठवडा होता. सासूबाई म्हणाल्या, साखरेची बरणी खाली आहे. मी फळीवर खाली शोधली, ओट्याखाली वाकून पाहिलं. बरणी वरच होती, समोर. रिकामी. सगळे हसले. मला राग आला, आणि नव्या नवरीचा तोरा, मी म्हणाले, "मराठीत 'रिकामी' म्हणतात. 'खाली' म्हणजे खाली." त्या दिवसापासून आमच्या घरात बरणी रिकामी झाली, डबा रिकामा झाला, सिलिंडरसुद्धा रिकामं झालं. हिंदीतलं 'खाली' मीच उंबरठ्याबाहेर काढलं होतं. ह्यांनी माझ्यासमोर तो शब्द त्या अर्थानं पुन्हा वापरल्याचं मला आठवत नाही. पण कारखान्यात माझा नियम कुठून चालणार? तिथे तेहतीस वर्षं सगळा कारभार हिंदीत. आणि स्वप्नं मराठीत पडतात, असं ह्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. ते मी आपलं ठरवलं होतं.

डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, "सपना याद रहता है?"

"थोडं," हे मराठीतच म्हणाले, मग हिंदीवर आले. शेडमध्ये धूर दिसतो. खरं म्हणजे त्यांच्या वेळी तिथे कधी काही झालं नाही, सराव मात्र नेमानं व्हायचा. घंटा झाली की प्रमुखानं ओरडत सगळ्या माणसांना बाहेर काढायचं, शेड खाली करायची, आणि आपण सगळ्यांच्या शेवटी निघायचं. स्वप्नात तेच असतं. सगळे निघतात. एक माणूस बसून राहतो.

"कौन?"

ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. तेही थोडंसंच, मांडीवरून.

"मी? मी तिथे काय करते?" मी डॉक्टरांसमोरच विचारलं.

"पेपर तपासत बसलेली असतेस. उठतच नाहीस. म्हणतेस, दोनच राहिलेत."

मुलगी फस्सकन हसली आणि तोंडावर हात धरून रडायला लागली. मला दोन्ही करता येईना. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला आणि आपलं सांगणं चालू ठेवलं, बरं झालं. त्यांचं म्हणणं मला समजलं ते असं. स्वप्न पडत असताना आपलं शरीर सैल पडतं. मेंदूच तशी व्यवस्था करतो, म्हणून आपण स्वप्नात पळतो आणि अंथरुणात पडून राहतो. ह्यांच्या मेंदूतली ती अटकाव करणारी कडी ढिली झाली आहे. स्वप्नात जे करतात ते हातपायही करून टाकतात. अशा माणसांना स्वप्नंही बहुतेक धावपळीची, मारामारीची, संकटाची पडतात, मग दिवसा माणूस कितीही गरीब असो. मनातल्या रागाशी त्याचा संबंध जोडू नका, हे त्यांनी माझ्याकडे पाहून सांगितलं. मी तसं काही विचारलं नव्हतं.

हात बांधायचा नाही, पुन्हा कधीच नाही. काल खांदा निखळला असता. पलंग बुटका करा, आजूबाजूला टोकदार, काचेचं काही नको, आणि काही दिवस वेगळं झोपा. एक रात्र तारा लावून झोपेची तपासणी करावी लागेल. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. मुलगी उठायला लागली होती, ती परत बसली.

"एक बात और," ते म्हणाले. या आजाराच्या बऱ्याच जणांना पुढे काही वर्षांनी हात थरथरणं, हालचाल मंदावणं असं काही सुरू होतं. होईलच असं नाही. झालं तर कधी, ते कुणी सांगू शकत नाही. वासाचं त्यांनी लिहून ठेवलं आहे. दर सहा महिन्यांनी दाखवत राहा. हे ऐकत होते, कारखान्यात साहेबांच्या सूचना ऐकत असतील तसे, पाठ ताठ. शेवटी "ठीक है साहब, धन्यवाद" म्हणाले.

पुढे नागपूरला माझ्या भावाकडे राहून ती तपासणी झाली आणि डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं. गोळी सुरू झाली. पुष्कळ फरक आहे, पूर्ण नाही. आता एकाच खोलीत दोन बुटके पलंग आहेत, मध्ये जाड गादी. मला तिकडच्या पलंगावर झोप लागायला महिना गेला. पण हे सगळं नंतरचं.

त्या सोमवारी घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. स्वयंपाक काहीच नव्हता. पनागरकडचा मटार घेऊन हातगाडी गल्लीत आली होती, मुलीनं चांगला पाच किलो घेतला, आणि आम्ही तिघं अंगणात उन्हाला शेंगा सोलायला बसलो. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मुलगी ह्यांच्या अंगठ्याकडे पाहते आहे. शेंग कशी दाबतात, दाणे कसे काढतात, हात थरथरतो का. मीही तेच पाहत होते.

"काय पाहून राहिल्या दोघी?" ह्यांनी मान वर न करता विचारलं. "चालतात अजून."

मला राहवेना. आत्ता बोलले नसते तर कधीच बोलले नसते. मी मुलीला म्हणाले, "शनिवारी तू विचारलंस, तेव्हा 'झोपेत' हे मी मुद्दाम सांगितलं नाही. तुझ्या बाबांना तू वाईट समजावंस, असं मला त्या वेळी वाटलं. चूक माझी आहे." मग ह्यांच्याकडे वळून 'खाली'चं सगळं सांगितलं. वर्षभर काय ऐकत होते, काय समजत होते, दिवसा तोडून का बोलत होते. बदलीचंही सांगितलं. ते ऐकत शेंगा सोलत राहिले.

मुलगी ह्यांच्याकडे वळली. तिनं ह्यांना विचारलं, "पण बाबा, तुम्ही काहून नाही बोलले? तुम्हाला तर माहीत होतं, झोपेत झालं ते."

"मला कुठे माहीत होतं?" ते म्हणाले.

"अच्छा? म्हणजे?"

"डोळे उघडले तेव्हा मूठ हिच्या तोंडावर होती. त्याआधी मी झोपेत होतो की जागा, ते मला कोण सांगणार? सगळे म्हणतात झोपेत होतो. मारणारा प्रत्येक माणूस काहीतरी म्हणतोच, नशेत होतो, रागात होतो. मला वाटलं, असेल माझ्या मनात. इतकी वर्षं बोललो नाही, तेच आता हातातून निघून राहिलं असेल. मग पोरीसमोर 'झोपेत' कोणत्या तोंडानं म्हणू?"

म्हणजे तेही वर्षभर तेच समजून बसले होते. मी त्यांना गुन्हेगार ठरवलं होतं आणि त्यांनी मला विचारायच्या आधीच कबूल केलं होतं.

"आहे का मनात?" मी विचारलं. मुलीनं माझा हात दाबला, असू दे म्हणून. मी थांबले नाही. "डॉक्टर काय म्हणाले ते सोडा. तुम्ही सांगा. आहे का राग?"

त्यांनी हातातली शेंग ताटात ठेवली. नाही म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला नसता, हे त्यांना माहीत असावं.

"होता," ते म्हणाले. "बदलीच्या वेळी होता. दोन-तीन वर्षं होता. तेव्हा भांडायला पाहिजे होतं तुझ्याशी, मला भांडता येत नाही." मग ती शेंग परत उचलत म्हणाले, "पण तुला आत सोडून मी बाहेर नसतो निघालो गं."

मला रडू आवरेना. भर दुपारी, अंगणात, मुलीसमोर, शेजारच्या भाभीजी गच्चीवरून पाहत असताना मी मोठ्यानं रडले. ह्यांना काय करावं ते कळेना, म्हणून ते खाली पडलेली सालं गोळा करायला लागले.